सहीपलीकडचे पालक

2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित शाळा वगळता शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडाही याच समितीने करायचा. प्रत्यक्षात पुष्कळदा वही घरी येते आणि आई हात पुसून सही करते.

आमच्या वस्तीतल्या शाळेच्या सभांना मी जातो. विषय ठरलेले: गळके पत्रे, नळ, खिचडी. एकदा गुरुजींनी विचारलं, "मुलानं इथून काय घेऊन जावं?" बराच वेळ सगळे गप्प. मग शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या भाभी म्हणाल्या, "गुरुजी, पोरगा बेरीज बरोबर करतो. पण दुकानदार चुकला तर गप्प राहून घरी येतो. त्याला बोलायला शिकवा."

गुरुजींनी भाभींनाच शनिवारी टेप घेऊन बोलावलं. मुलं एकमेकांची मापं घेऊन मोठ्यानं सांगू लागली. पाव, अर्धा, पाऊण, सगळं आलं, भांडणंही झाली. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवतीच शिक्षण गुंफायला सांगितलं होतं. भाभींना हे नाव ठाऊक नसावं.

आता एका गवंडी बापाला बोलावणार आहेत. पत्रे अजून गळतात.