चहा झाला, आता दर बोला

अशा उकाड्यात, वर फिरणाऱ्या पंख्यांवर विश्वास ठेवून आलेले पुणेकर मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय 'स्वतंत्र कलावंताचा गोतावळा' असा छापला आहे. विषय संयोजकांनी दिला, मी बरं म्हटलं. एकमेकांना धीर देणं, प्रदर्शनाला हजेरी लावणं, आजारपणात डबा पोहोचवणं हे तुम्ही करताच. त्यावर मी तासभर बोलायची गरज नाही. मला एकच सांगायचं आहे. ते मी भेटेल त्याला सांगतो, म्हणून हल्ली ओळखीचे लोक मला बघून टिळक रस्ता ओलांडतात. (हशा) म्हणणं इतकंच, की ज्या मंडळींत 'या कामाचे तुला किती मिळाले?' हा प्रश्न विचारता येत नाही, ती मंडळी गप्पांपुरती. निकडीला तिचा उपयोग नाही.

मी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, दिवाळी अंकांत चित्रं काढतो. समोर अनुवादक दिसताहेत, मुद्रितशोधक दिसताहेत, गळ्यात कॅमेरा अडकवून आलेले दोघं-तिघं आहेत. आपल्यापैकी कुणालाच एक तारखेला पगार होत नाही. काम दिवाळीचं, पैसे शिमग्याला. तेही दोनदा फोन केला तर.

आता पुण्यात मंडळांचा काय तोटा! न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासूनची सगळी हकीकत तुम्हाला पाठ आहे, मी त्यात शिरत नाही. फक्त रविकिरण मंडळाचं दोन मिनिटांत सांगतो.

1923 साल. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, द. ल. गोखले आणि नाट्यछटाकार दिवाकर. ही मंडळी रविवारी चहाला जमत. म्हणून गमतीनं 'सन-टी क्लब'. कविता वाचायच्या, गाऊन दाखवायच्या, दुरुस्त्या सुचवायच्या, मिळून पुस्तकं काढायची. कवी लोकांसमोर उभा राहून कविता म्हणतो ही पद्धत महाराष्ट्रात रुजवण्यात या मंडळींचा मोठा वाटा. अत्र्यांनी त्यांची 'झेंडूची फुले'मध्ये यथेच्छ टिंगल केली, तीही मंडळाला मानवलीच म्हणायची. टिंगल व्हायलासुद्धा आधी नाव व्हावं लागतं. आता मोजा. माणसं आठ होतात आणि सूर्याचे किरण सात. मग हिशेब कसा बसवला? रानडे पती-पत्नी मिळून एक किरण! (हशा) हसू नका. मनोरमाबाई स्वतः कविता लिहीत होत्या, तरी त्यांच्या वाट्याला अर्धा किरण. आजही नवरा-बायको दोघं मिळून एखादं पुस्तक सजवतात आणि चेक एकाच्याच नावानं निघतो. पुढच्या रांगेतल्या बाई मान डोलावताहेत, त्यांच्या शेजारचे गृहस्थ मात्र छताकडे बघताहेत. (मोठा हशा)

दोन मिनिटं म्हणालो होतो. असो, पण मुद्दा इथेच आहे. या चहाच्या टेबलावर पैशाचा विषय निघाला नाही तरी चालत होतं, कारण माधव जूलियन फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवत होते, गिरीश आणि दिवाकर शिक्षक, घाटे शिक्षण खात्यात, यशवंत सरकारी नोकरीत. कविता फसली तरी महिनाअखेर वाण्याचं बिल भागत होतं. पन्नास वर्षांनी तेच. 'घाशीराम कोतवाल' हे नाटक 16 डिसेंबर 1972 ला भरत नाट्य मंदिरात उभं राहिलं, वाद झाला, ते करणाऱ्या संस्थेनं प्रयोग थांबवले, आणि त्यातली पोरं बाहेर पडून 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. केवढी हिंमत! पण जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये संशोधनाच्या नोकरीत. त्यांची थोरवी यात तिळभर कमी होत नाही. मी एवढंच म्हणतो, की एकत्र कसं यायचं याचा पुण्याचा जो नमुना आपण डोळ्यांपुढे ठेवतो, तो पगारदार माणसांनी तयार केला. आपण त्यातला चहा घेतला. त्यांच्यामागे होता तो पगार आपल्याकडे नाही.

व्यावसायिक नाटकवाल्यांकडे मात्र बघा. तिथे प्रत्येकाला प्रयोगामागे 'नाइट' मिळते, आणि कुणाची नाइट किती हे विंगेत उभ्या असलेल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. त्यावरून रुसवेफुगवे होतात, पण नव्यानं आलेल्या नटाला निदान काय मागायचं ते कळतं. नव्यानं आलेल्या चित्रकाराला काय कळतं? प्रकाशक म्हणतो, 'आमच्याकडे सगळ्यांना हेच देतो.' हा म्हणतो, 'हो का? बरं.'

डेक्कनवरच्या एका हॉटेलात आम्ही तिघं मुखपृष्ठवाले बसलो होतो. तिघांनीही त्या मोसमात एकाच प्रकाशनासाठी काम केलेलं. नाव सांगणार नाही, पुस्तकं चांगली काढतात. बोलता बोलता, आमच्यातली सर्वांत धाकटी मुलगी म्हणाली, 'मला अमुक मिळाले.' दुसरा गप्प. मग त्यानं आपला आकडा सांगितला, तो तिच्या दुप्पट. माझा दोहोंच्या मध्ये. आणि तिनं मुखपृष्ठाबरोबर आतली चित्रंही केली होती! तिला रडू येईल असं मला वाटलं, पण तिनं पाकिटातून पेन काढलं आणि बिलामागे तिन्ही आकडे लिहून घेतले. पुढच्या पुस्तकाच्या वेळी तिनं तिचा दर सांगितला. पलीकडून उत्तर काय आलं? 'तुम्ही लोक आपसात बोललात वाटतं!' जसं काही आम्ही मंडईत चोरीचा माल विकला. (हशा, टाळ्या) तिचा दर वाढला. दुप्पट घेणाऱ्याला त्या प्रकाशनाचं काम पुढे आलं नाही, हेही सांगतो, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. तो आजही त्या दुपारबद्दल माझ्याशी वाद घालतो. पण आमच्याबरोबर चहाला येतो.

काय म्हणालात? मोठ्यानं बोला. हां, हे गृहस्थ विचारताहेत, ही युनियनबाजी नाही का? नाही हो. सगळ्यांनी मिळून एकच भाव ठरवा आणि त्याखाली कुणी उतरू नका, असं मी म्हणत नाही. तुमचं काम सरस असेल तर खुशाल चौपट घ्या. फक्त सांगा. आणि 'ज्याला कमी मिळतात त्याला लाज वाटेल' हे मला नेहमी जास्त मिळवणारेच ऐकवतात. कमी मिळणाऱ्यानं अजून कधी ऐकवलेलं नाही. मी चिडलेलो नाही, आवाजच असा आहे. (हशा)

चिठ्ठी आली. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत. रविकिरण मंडळानं माझा वेळ खाल्ला. शंभर वर्षांनीसुद्धा कवींपासून सुटका नाही. तर राहिलेलं भराभर सांगतो, लिहून घ्या.

आपल्या बाजूनं एक कायदा आहे. 2006 चा, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा. चित्रकार, अनुवादक, संकलक हेही त्यात सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून बसू शकतात. 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. कुणी एजंट पैसे मागितले तर देऊ नका. काम घेण्याआधी नोंदणी करा, नंतर धावाधाव नको. लेखी करारात पैसे द्यायची मुदत ठरली असेल तर ती मुदत, पण 45 दिवसांच्या पुढे नाही. करारच नसेल तर 15 दिवस. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. शिवाय आर्थिक वर्ष 2023-24 पासून, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात वजा करता येत नाही. त्याच्या सीएला हे कळतं. तुमच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की सीए आपणहून विचारतो, 'यांचे पैसे दिले का?'

मग लोक तक्रार का करत नाहीत? एकट्यानं केली तर पुढचं काम जातं, म्हणून. इथे मंडळी लागते. पत्र पाचजणांच्या सह्यांनी गेलं, तर कुणा एकाला वगळणं सोपं राहत नाही. आणि एखाद्याचं काम गेलंच, तर उरलेल्या चौघांनी आपल्याकडचं जास्तीचं काम त्याच्याकडे वळवायचं. हे आधी ठरवून ठेवावं लागतं, काम गेल्यावर नाही. त्यासाठी चौघांकडे किती काम आहे आणि किती दरानं आहे हे पाचव्याला माहीत हवं. पुन्हा तिथेच आलो.

टीडीएसचं, कॉपीराइट पूर्ण लिहून देण्याचं राहिलं. अध्यक्ष घड्याळ बघताहेत.

बाहेर चहा ठेवला आहे. तिथे ज्याच्याशेजारी उभे राहाल त्याला नाव विचारा, काय काम करता विचारा, आणि शेवटच्या कामाचे तुम्हाला किती मिळाले ते आधी तुम्ही सांगा. त्यानं आपला आकडा नाही सांगितला तरी हरकत नाही, तुमचा सांगा.