छाप्यांच्या बातम्या आणि आपला उंबरठा
(जालना जिल्ह्यातील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी धम्माच्या नित्य विषयाऐवजी वृत्तपत्रातील एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे छापा. हातभट्टीवर छापा, जुगाराच्या अड्ड्यावर छापा, वाळूच्या घाटावर छापा, व्यापाऱ्याच्या पेढीवर छापा. वाचणाऱ्याला ही सर्व एकाच जातीची कृत्ये वाटतात. वस्तुतः तसे नाही.

धाड हा शब्द निराळा. रझाकारांच्या काळात, १९४७-४८ साली, मराठवाड्यातील गावांनी तो भोगला. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यानंतर आपल्या वस्त्यांवर जे जमाव चालून आले, तीही धाडच. वृत्तपत्रे सरकारी अधिकाऱ्याच्या कृतीलाही धाड म्हणतात, हे मला खटकते. अधिकाऱ्याच्या कृतीला कायद्याचा आधार असतो. तो आधार सुटला म्हणजे मात्र तो शब्द तिला यथार्थ शोभतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये याच जालन्यातील पोलाद उद्योजकांवर प्राप्तिकर खात्याने छापे घातले. अधिकारी लग्नाच्या वऱ्हाडाचे फलक लावलेल्या मोटारींतून आले, याचेच लोकांना अधिक कौतुक. सुमारे ३९० कोटींच्या बेहिशेबी मालमत्तेचा आकडा वृत्तपत्रांनी छापला. रोकड पन्नास कोटींहून अधिक निघाली; ती मोजता मोजता कित्येक तास गेले. मला त्या बातमीत दुसरेच काही दिसले. तेव्हा लागू असलेल्या प्राप्तिकर कायद्याच्या १३२ व्या कलमाप्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याचे अधिकारपत्र लागते, पंच बसतात, जप्त वस्तूंची यादी होते. कोट्यवधींच्या त्या शोधाच्या बातमीत लाठीचा उल्लेख कोठेही नव्हता.

आता शेजारच्या परभणीकडे पाहा. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदाला हिंसक वळण लागले. त्यानंतर पोलिसांनी वस्तीत शिरून, घरांत घुसून धरपकड व मारहाण केली, अशा तक्रारी बौद्ध कुटुंबांनी केल्या. अटकेतील सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या आदेशासाठी एका मातेला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

एका घराची झडती कागदाने होते आणि दुसऱ्याची बुटाने. हा भेद कायद्यात लिहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता पक्क्या माडीला व पत्र्याच्या खोलीला सारखीच आहे. तिचे १०३ वे कलम सांगते की, झडतीच्या वेळी त्याच भागातील दोन निःपक्षपाती, प्रतिष्ठित पंच हवेत. घरमालकाला अथवा त्याच्या माणसाला हजर राहू द्यावे. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याला द्यावी. स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यावी. १०५ व्या कलमाप्रमाणे झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. वॉरंटाशिवाय झडती घेणाऱ्या तपास अधिकाऱ्याने कारणे लिहून ठेवली पाहिजेत. अपवादात्मक परिस्थिती व दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी यांवाचून सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. भगिनींनो, एवढे तरी तोंडपाठ करा. कारण दार वाजते तेव्हा पुरुष बहुधा कामावर असतात.

ओळखपत्र मागण्यात उद्धटपणा नाही. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या एका सराफी पेढीवर केंद्रीय तपास अधिकारी म्हणून आलेला मनुष्य तोतया होता. त्याने वृत्तपत्रात जाहिरात देऊन माणसे नोकरीस ठेवली होती, आणि आपण खऱ्या छाप्यावर आहोत असेच त्या बिचाऱ्यांना वाटत होते.

हातभट्टीविषयी थोडेच सांगतो. पंचशील ग्रहण केलेल्याच्या घरी भट्टी असेल, तर पोलीस येण्याची वाट न पाहता त्याने ती स्वतःच फोडावी. तथापि त्याच्याही घराच्या झडतीला पंच लागतातच.

शेवटी खोट्या खबरीची गोष्ट. विहिरीचा वाद, शेताचा बांध, जयंतीची मिरवणूक, काहीही निमित्त पुरते आणि कोणी तरी ठाण्यात जाऊन आपल्या घराचे नाव सांगतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(क्यू) प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला उपद्रव होईल अशी खोटी माहिती अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसाने लोकसेवकाला देऊन त्याचा अधिकार वापरायला लावणे हा गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, म्हणून दीक्षेमुळे हे संरक्षण जात नाही. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर तिचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा आणि पोचपावती यादीच्या प्रतीसोबत जपून ठेवावी.