घाईचा बाजार
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या सभेत आरोग्य, मुलींचे शिक्षण, संस्कार अशा विषयांवर भाषणे होतात आणि ती व्हावीतच. परंतु या खेपेला चिटणीसबाईंनी मला वेगळाच विषय दिला. त्या म्हणाल्या, "दिवाळीत ज्याने त्याने मोबाईलवरून माल मागवला आणि निम्म्या घरांत त्यावरून कुरबुर झाली. तेव्हा त्यावरच दोन शब्द बोला." विषय हलका वाटला तरी तो आपल्या घरखर्चाचा आहे, आणि घरखर्च ही काही हलकी गोष्ट नव्हे.

आपले धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातले गाव. कापूस विकला, हातात चार पैसे आले, की मोठ्या खरेदीसाठी मलकापूर नाहीतर बुलढाणा गाठायचे, ही आपली जुनी वहिवाट. तथापि घरी बसून लांबचा माल मागवणे हेही आपल्याला अगदी नवे नाही. पोस्टाची व्ही. पी. आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली. मुंबई-पुण्याची पुस्तके, औषधे, शिवणाचे सामान व्ही. पी.ने येई आणि पैसे मोजून ते सोडवून घ्यावे लागे. पार्सल नेमके आपल्याच गावी पोहोचावे म्हणून पत्त्याखाली जो पिनकोड लिहितो, तोही १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या योजनेतून सुरू झाला. पुढे २००७ साली बंगळुरात फ्लिपकार्ट निघाली. सुरुवातीला ती पुस्तके विकीत असे. २०१० साली तिने माल दारात आल्यावर पैसे घेण्याची सोय केली. म्हणजे आपली जुनी व्ही. पी.च नवा पोशाख करून आली म्हणा ना.

या सोयीला मी नावे ठेवीत नाही. ज्या सुनेला चार दिवस घर सोडून बाहेर पडता येत नाही, तिला मुंबईच्या बाईला मिळते तीच वस्तू त्याच भावात मिळते, हा लाभ लहान नव्हे. मग कुरबुर कशाची? माझ्या मते कुरबुर वस्तूची नाही, घाईची आहे. जुन्या व्ही. पी.त घाई नव्हती. नव्या बाजारात मालाबरोबर घाईही विकली जाते, आणि तिची किंमत मात्र बिलात लिहिलेली नसते.

ही घाई कशी तयार करतात ते पाहा. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, फ्लिपकार्टने एका दिवसाची मोठी विक्री जाहीर केली. सकाळी आठ वाजता दार उघडले आणि देशभरातून इतकी गर्दी लोटली की ते संकेतस्थळच कोलमडले. कोणाचा माल डोळ्यांदेखत संपला, कोणाची मागणी नोंदून घेऊन मागाहून रद्द झाली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या संस्थापकांनी ग्राहकांना पत्र लिहून किमतींतला घोळ, संपलेला माल, रद्द झालेल्या मागण्या आणि बंद पडलेले पान या सर्वांबद्दल माफी मागितली. एवढे होऊनही पुढल्या वर्षी विक्री झालीच आणि लोकही आलेच. कारण आपले हुकले ते दुसऱ्याला मिळाले, ही हुरहूर माणसाला पुन्हा ओढून आणते.

तरुण मुलांच्या बुटांचे पाहा. ज्यांना स्नीकर्स म्हणतात ते बूट काही मोठ्या कंपन्या मुद्दाम मोजकेच काढतात. विक्रीची तारीख आणि वेळ आधी जाहीर होते. त्या मिनिटाला लाखो मुले मोबाईलकडे डोळे लावून बसतात आणि बहुतेकांच्या वाट्याला "माल संपला" एवढीच ओळ येते. कारण त्या गर्दीत माणसेच नसतात, यंत्रेही असतात. बॉट नावाचे संगणकी कार्यक्रम क्षणात शेकडो मागण्या नोंदवतात, आणि तेच जोड मग दुप्पट-चौपट भावाने दुसऱ्या बाजारात येतात. अमेरिकेने २०१६ साली अशा यंत्रांविरुद्ध कायदा केला, पण तो नाटक, गाणे आणि खेळांच्या तिकिटांपुरता आहे. बूट त्यात येत नाहीत.

कोणी म्हणेल, हे परमुलखातले कौतुक आपल्याला कशाला? तर भगिनींनो, हाच प्रकार आपल्याला मलकापूर स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीच्या तिकिटात भेटला आहे. दिवाळीला पुण्या-मुंबईच्या मुलांना घरी यायचे असते. तात्काळचे तिकीट काढायला बसावे तर दोन मिनिटांत प्रतीक्षा यादी लागते. रेल्वेने २०२५ साली स्वतःच सांगितले की, तात्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत आत शिरू पाहणाऱ्यांत निम्म्यापर्यंत वाटा यंत्रांचा असतो. रेल्वेने सुमारे अडीच कोटी संशयित खाती बंद केली आणि १ जुलै २०२५ पासून तात्काळ तिकिटासाठी आधारची ओळख सक्तीची केली. तेव्हा तिकीट किंवा बूट हुकले म्हणून "तुझी बोटेच मंद" असे लेकराला बोलू नये. शर्यत बरोबरीची नव्हतीच.

आता आमच्याच घरातली एक गोष्ट सांगते. माझी भाची पोलीस भरतीची तयारी करीत होती. भरतीत मुलींना आठशे मीटर धावावे लागते. पोर पहाटे पाचला उठून रस्त्याने धावायची, आणि पायात काय, तर टाचेशी फाटलेले बूट. तिच्या आईने वेचणीच्या मजुरीतून दोन हजार रुपये बाजूला काढले. सणाच्या विक्रीत मध्यरात्री बारा वाजता बूट निम्म्या किमतीला मिळणार होते. मायलेकी जागत बसल्या. बूट निवडला, पत्ता टाकला, पैसे भरायच्या वेळी गोल चक्र फिरत राहिले आणि माल संपला. दुसऱ्या दिवशी तिच्या मोबाईलवर दुसऱ्याच एका कंपनीची जाहिरात आली: "फक्त दोन जोड शिल्लक, दहा मिनिटे उरली." कालचे हुकल्याची चुटपुट ताजी होती. पोरीने एक हजार सातशे नव्व्याण्णव रुपये आगाऊ भरले. आठ दिवसांनी खोका आला. नंबर सहाऐवजी पाच, आणि बुटावरच्या नावात एक अक्षर भलतेच. परतीचे बटण दाबावे तर ते सापडेना.

बिल आणि फोटो जपून ठेवले होते म्हणून तक्रार करता आली, आणि दीड महिन्याने पैसे परत आले. पण त्या दीड महिन्यात ती फाटक्या बुटांवरच धावली, टाचेला फोड आले, चार-चार दिवस सराव बुडाला. मैदानी चाचणीला तीन आठवडे उरले तेव्हा आम्ही तिला मलकापूरला नेले. दुकानदाराने दोन्ही पायांत बूट घालून चालायला लावले, आणि चौदाशे पन्नासात जोड मिळाला. चाचणी तिने त्याच बुटांवर दिली. पैसा परत आला. गेलेला सराव परत आला नाही. स्वस्ताईचा हिशेब मांडताना हा रकाना आपण विसरतो.

"दहा मिनिटे उरली" म्हणणारे घड्याळ पुष्कळदा खोटे असते. पान बंद करून पुन्हा उघडा, ते पुन्हा दहावरूनच चालू लागते. "मूळ किंमत चार हजार नऊशे नव्व्याण्णव, आता फक्त नऊशे नव्व्याण्णव" असे दिसले तर विचारावे, त्या मूळ किमतीला हा माल कोणी कधी घेतला होता काय? ज्या भावाला वस्तू विकलीच गेली नाही, त्या भावातून सूट कसली? तिसरी युक्ती आडून येणाऱ्या खर्चाची. चारशेची चप्पल निवडावी, तर शेवटच्या पानावर पोचवण्याचे साठ, हाताळणीचे वीस, घरी पैसे घेण्याचे आणखी काही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

या युक्त्यांना सरकारनेही नावे दिली आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी निघालेल्या मार्गदर्शक नियमांत अशा तेरा फसव्या प्रकारांना मनाई केली आहे. खोटी घाई लावणे, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे, आणि खरी किंमत शेवटपर्यंत दडवणे हे त्यांतलेच. म्हणजे जे आपल्याला खटकते ते कायद्यालाही खटकते. आपल्याला काय कळते, असे म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही.

ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच महिन्यात ऑनलाईन व्यापाराचे नियमही आले. त्यांतले थोडे ध्यानात ठेवा. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निकाल एक महिन्यात द्यावा लागतो. माल सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेणे नाकारता येत नाही. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनी बंगळुरात असो वा दिल्लीत, आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे, म्हणजे आपल्या बुलढाण्यातच, तक्रार मांडता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. कोणी पैसेच लुबाडले, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तिथे मात्र घाई करावी, कारण जितके लवकर कळवू तितकी रक्कम अडवण्याची आशा अधिक. आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा: पैसे घेण्यासाठी आपला गुप्त पिन कधीही टाकावा लागत नाही. तो पैसे देताना लागतो.

परंतु एकटीदुकटीने कायदा वाचून भागत नाही. बाजारापुढे बाई एकटी उभी राहिली की ती गिऱ्हाईक असते. दहाजणी उभ्या राहिल्या की तिचे वजन वाढते. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी पुढाऱ्यांच्या मागे हजारो साध्या गृहिणी होत्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्यात कुटुंबांनी गट करायचे, महिन्याची यादी एकत्र द्यायची आणि घाऊक भावात घेतलेला माल आपसांत वाटून घ्यायचा, अशी रीत पडली. त्या यादीत घाई नव्हती. महिन्याचा विचार होता. म्हणून तिला घड्याळ दाखवून कोणी फसवू शकत नव्हते.

आपल्या मंडळानेही एवढे करावे, अशी माझी सूचना आहे. दिवाळीपूर्वी एका दुपारी बसून प्रत्येकीने हव्या असलेल्या वस्तूंची यादी आणि त्यांचे आजचे भाव वहीत लिहावेत. विक्री लागली की वहीतल्या भावाशी ताडून पाहावे; सूट खरी की खोटी ते लगेच उमगेल. यादीत नसलेली वस्तू मोहात पाडू लागली तर मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी ती तितकीच हवीशी वाटली तर खुशाल घ्यावी. अनोळखी दुकानाला आगाऊ पैसे देऊ नयेत. खोका फोडताना घरातल्या मुलाला मोबाईलवर चित्रण करायला सांगावे आणि बिल महिनाभर तरी जपावे. बूट मागवायचे तर पायाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या राबण्याने पाय थोडा फुगलेला असतो. आणि धावायचे बूट शक्यतो पायात घालून पाहूनच घ्यावेत. आपल्यातल्या दोन शिकलेल्या मुलींनी तक्रार लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे, म्हणजे ज्या बहिणीला अक्षर येत नाही तिचाही आवाज बुलढाण्यापर्यंत पोहोचेल.

घरात नव्या वस्तू याव्यात, मुलांना चांगले बूट मिळावेत, सणाला थोडी हौस व्हावी, यात काही गैर नाही. हौस करणाऱ्या बाईला उधळी म्हणण्याची रीत आपण सोडून द्यावी. फक्त आपला पैसा केव्हा आणि कशासाठी बाहेर पडणार, हे आपण ठरवावे. वेचणीच्या उन्हात वाकून मिळवलेला रुपया दहा मिनिटांच्या धाकाने हातून काढून देण्याइतका स्वस्त नाही.