कोरियाच्या भूमीवर : राजाची लिपी आणि आईचा दिवा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दक्षिण कोरिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारी, टेलिव्हिजन आणि मोबाईल फोन उभे राहतात. मी त्या देशात हिंडलो तेव्हा माझ्या मनात मात्र तीन वेगळ्याच गोष्टी घर करून राहिल्या : एक लिपी, एक पत्र आणि एक लोककथा. तिन्हींचा संबंध शिकण्याशी आहे, म्हणून त्या आपणांसमोर ठेवतो.

राजधानी सोलमध्ये ग्वांगह्वामुन नावाचा मोठा चौक आहे. तेथे सेजोंग राजाचा बसलेला भव्य पुतळा आहे. राजाच्या हातात तलवार नाही, उघडे पुस्तक आहे. त्याच्या काळापर्यंत कोरियन लोकांना लिहिण्यासाठी चिनी चिन्हांचाच आधार घ्यावा लागे. ती हजारो चिन्हे पाठ करणे खाऊनपिऊन सुखी घरच्या मुलांनाच जमे. गोरगरिबाला आपले गाऱ्हाणेसुद्धा लिहून मांडता येत नसे. सेजोंगने १४४३ साली २८ अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेसाठी जाहीर केली. हीच आजची हांगुल लिपी. तिच्यात आता २४ मूळ अक्षरे आहेत.

मी उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंनी एका संध्याकाळी बिलाच्या पाठीमागे ही अक्षरे मला काढून दाखवली. आपली देवनागरी कंठ, तालू, दात, ओठ अशा क्रमाने मांडलेली आहे, हे आपण शाळेत शिकलो. हांगुलमध्ये तर व्यंजनांच्या मूळ आकृत्याच उच्चारावरून घेतल्या आहेत. ‘न’चे अक्षर वर टेकलेल्या जिभेसारखे, ‘म’चे अक्षर तोंडाच्या चौकटीसारखे! बाई हसत हसत शिकवीत होत्या आणि तासाभरात समोरच्या दुकानाची पाटी मला अडखळत वाचता येऊ लागली. अर्थ कळला नाही, पण वाचता आली.

अशा लिपीचे विद्वानांनी स्वागत केले असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. १४४४ मध्ये दरबारातील काही पंडितांनी राजाकडे लेखी विरोध नोंदविला. चिनी अक्षरे सोडणे म्हणजे रानटी होणे, असे त्यांचे म्हणणे. पुढे कित्येक पिढ्या ही बायकांची आणि हलक्या लोकांची लिपी म्हणून हिणवली गेली. पण त्याच बायकांनी आणि त्याच लोकांनी तिला जगवले.

याचा पुरावा मी आन्दोंग शहरातील विद्यापीठाच्या संग्रहालयात पाहिला. १९९८ साली तेथे एक जुनी कबर हलवावी लागली. तीत यी उंग-थे नावाच्या तरुणाचा देह आणि त्याच्या पत्नीने १५८६ मध्ये हांगुलमध्ये लिहिलेले पत्र सापडले. पती ऐन तिशीत गेला, पदरी लहान मूल आणि दुसरे पोटात. ती त्याला ‘वोनचे बाबा’ म्हणून हाक मारते, मला टाकून कसे गेलात म्हणून विचारते. कागद भरला, तरी मन रिते झाले नाही. मग तिने समासात आणि मिळेल त्या कोऱ्या जागेत मजकूर लिहिला. पत्रासोबत केस गुंफून विणलेल्या चपलाही होत्या.

त्या काचेपुढे उभा असताना मला आपल्या कोकणातल्या आया-बहिणी आठवल्या. घरधनी जहाजावर किंवा आखातात. त्याचे पत्र आले की ते शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यायचे आणि उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. परक्याच्या हाताने लिहिलेल्या पत्रात मनातले किती उतरत असेल? त्या बाईचे नावदेखील आज कोणास ठाऊक नाही. पण तिला लिहिता येत होते, म्हणून तिचे दुःख तिच्याच शब्दांत चारशे वर्षे टिकले.

आता लोककथा. आन्दोंगच्या बाजारात तांदळाच्या वड्या विकणाऱ्या एका आजीबाईंनी ती सांगितली. माझ्याबरोबरचा कॉलेजचा विद्यार्थी दुभाष्या झाला. हान सोक-बोंग हा सोळाव्या शतकातील नामांकित सुलेखनकार. त्याची आई वड्या विकून त्याच्या शिक्षणाचा खर्च भागवी. मुलगा शिक्षण अर्धे टाकून परत आला आणि म्हणाला, “आता मला सारे येते.” आईने दिवा विझवला. म्हणाली, “मी अंधारात वड्या कापते, तू अंधारात अक्षरे लिही.” दिवा लावून पाहिले, तर वड्या सारख्या आणि अक्षरे वेडीवाकडी. मुलगा त्याच रात्री गुरूकडे परतला.

आजीबाई म्हणाल्या, “तिची एक वडी जरी वाकडी झाली असती, तरी मुलाला परत धाडायला तिला तोंड राहिले नसते.”

यावर तो विद्यार्थी म्हणाला, “माझ्या आईने दिवा कधी विझवलाच नाही. रात्री दोनपर्यंत तो माझ्या टेबलावर जळत असे.” तेथे नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होते. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात. इंग्रजी ऐकण्याच्या प्रश्नांच्या वेळी विमानांची ये-जा थांबवतात. नातेवाईक मुलांना चिकट मिठाई देतात, म्हणजे यश चिकटून राहील! एवढे कौतुक, पण ओझेही तेवढेच. खासगी शिकवण्या रात्री दहानंतर चालवू नयेत, असा नियम सोलमध्ये करावा लागला.

पालकहो, मुलाच्या टेबलावरचा दिवा रात्रभर जळतो की नाही, हे पाहणे सोपे आहे. आपले काम अंधारातही नेटके व्हावे असे मुलांसमोर वागणे अवघड आहे. आणि विद्यार्थिनींनो, तुम्हांला विशेष सांगतो : परीक्षेचे गुण काही वर्षांत कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. आपले म्हणणे आपल्या हाताने लिहिण्याची शक्ती मात्र जन्मभर पुरते. सेजोंगने लिपी दिली ती त्यासाठीच.