विभक्तीशी जुनी ओळख



परकी भाषा शिकावयाची म्हटली म्हणजे आपण प्रथम इंग्रजीचे बोट धरतो. परंतु बोस्नियन, क्रोएशियन किंवा सर्बियन शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला ते बोट आडवाटेने नेते. या भाषा पूर्वी ‘सर्बो-क्रोएशियन’ या एका नावाने शिकविल्या जात. १९९० नंतरच्या दशकात युगोस्लाव्हिया दुभंगला, नावे निराळी झाली. तरी एकाचे बोलणे दुसऱ्यास आजही कळते आणि व्याकरणाचा सांगाडा बहुतांशी एकच आहे.

त्यात विभक्ती सात. इंग्रजीतून येणारा येथेच बिचकतो. आपण का बिचकावे? आपल्या ‘हात’चे ‘हाताने’ होते, तिकडे ‘रुका’चे ‘रुकोम’. आपण ‘देव’ म्हणतो आणि प्रार्थनेत ‘देवा’ अशी हाक मारतो. तिकडचा भाविक ‘बोग’चे ‘बोझे’ करतो.

ही ओळख जुनी आहे. क्रोएशियन वंशाचे कार्मेलाइट धर्मगुरू फिलिप वेझदिन, संघातील नाव पॉलिनस, १७७६ साली मलबारात आले आणि १७८९ पर्यंत तेथे राहिले. १७९० साली त्यांनी रोम येथे संस्कृतचे व्याकरण छापले. युरोपात छापलेले ते पहिले संस्कृत व्याकरण होय.

मात्र सारखेपणावर फार विसंबू नये. ‘घरात गेला’ आणि ‘घरात बसला’ यांत आपले ‘घरात’ बदलत नाही. तिकडे जाणे असेल तर ‘उ कुचू’, असणे असेल तर ‘उ कुची’. आपल्या हैदराबादेत तेलुगूचा ‘तो’ हा एकच प्रत्यय सुरीने कापण्यालाही चालतो आणि रामाबरोबर जाण्यालाही. तिकडे साधनाला नुसती विभक्ती पुरते. सोबत दाखवावयाची तर आधी ‘स’ हे अव्यय लागते.

खरी कसोटी क्रियापदाची. ‘पत्र लिहीत होतो’ आणि ‘पत्र लिहून टाकले’ यांतील भेद मराठी मुलाला कोणी शिकवीत नाही. तिकडे तो भेद क्रियापदातच असतो. ‘पिसाति’ म्हणजे लिहिण्याचे काम चालणे. ‘नापिसाति’ म्हणजे ते पुरे होणे. ‘टाकणे’ आपण मागे जोडतो, ते पुष्कळदा उपसर्ग पुढे लावतात. पण उपसर्ग ठरलेला नाही. वाचणे ‘चिताति’, वाचून काढणे ‘प्रोचिताति’. खाणे ‘येस्ति’, खाऊन टाकणे ‘पोयेस्ति’. म्हणून वहीत क्रियापद एकटे कधी लिहू नये. जोडी लिहावी आणि पाढ्याप्रमाणे घोकावी. ‘काय करतोस?’ या प्रश्नाला पूर्णतेचे रूप उत्तर म्हणून चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

येथील इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात रशियन शिकविली जाते. तीही याच स्लाव्ह कुळातली. अशा जोड्या तिच्यातही आहेत.

या शहरातील मराठी घरांत मुलांच्या कानी तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी पडते. मराठी स्वयंपाकघरापुरती उरते. ‘मराठी व्याकरणाचा उपयोग काय?’ असे पालक विचारतात. उपयोग हा, की ‘हाताने’ या शब्दात तृतीया आहे हे ज्या मुलाला उमगले, त्याला ‘रुकोम’ समजावयास वेळ लागत नाही. ज्याला ते कधी दाखविलेच नाही, त्याला स्वतःच्या घरातली वस्तू परक्याकडून उसनी घ्यावी लागते. मुलाला परभाषेच्या वर्गात घालण्यापूर्वी रोज दहा मिनिटे त्याच्याकडून मराठी वाक्ये चालवून घ्यावीत. एवढे कोणत्याही घरी साधेल.