इराणी क्रांतीची जबाबदारी कोणावर?

एखाद्या देशांत राज्यक्रांति झाली म्हणजे धूळ खालीं बसण्यापूर्वींच तिच्या कर्त्याचा शोध सुरू होतो. घरचीं कारणें गुंतागुंतीचीं असतात. परकीयाकडे बोट दाखविणें सोपें असतें. १९७९ सालच्या इराणी क्रांतीविषयींचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं, आणि त्यांतील विशेष हा कीं, एकमेकांचे कट्टर विरोधक असे दोन पक्ष एकाच आरोपीला पिंजर्‍यांत उभे करतात. एक म्हणतो, अमेरिकेनें शहांना पाठीशीं घातलें म्हणून क्रांति झाली. दुसरा म्हणतो, अमेरिकेनें शहांना ऐन वेळीं वार्‍यावर सोडलें म्हणून क्रांति झाली. तेव्हां पुरावा काय सांगतो, हें पाहणेंच इष्ट.

पहिल्या पक्षाचा पुरावा भक्कम आहे. १९५१ च्या मार्चमध्यें इराणच्या मजलिसीनें ब्रिटिश कंपनीच्या ताब्यांतील तेलाचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा ठरविला, आणि लौकरच त्या चळवळीचे धुरीण महंमद मोसादेक मुख्य प्रधान झाले. त्यांना उखडून काढण्याची ब्रिटनची इच्छा ट्रुमन यांच्या कारकीर्दींत सफल झाली नाहीं. आयझेनहौअर अमेरिकेचे अध्यक्ष होतांच वारें फिरलें. १९५३ च्या ऑगस्टमध्यें कटाचा पहिला प्रयत्न फसला आणि शहा महंमद रझा पेहलवी बगदादमार्गें रोमला पळाले; पण ता. १९ रोजीं मोसादेक पदच्युत झाले व शहा परत आले. यांत अमेरिकन गुप्तहेर खात्याचा हात होता, हा आतां नुसता तर्क राहिलेला नाहीं. त्या खात्याचेच २०१३ मध्यें खुले झालेले कागद तें कबूल करतात. १९५४ मध्यें इराणी तेलाचा कारभार ज्या कंपन्यांच्या संघाकडे गेला, त्यांत अमेरिकन कंपन्यांचा वाटा शेंकडा ४० होता. १९५७ मध्यें ‘सावाक’ हें गुप्त पोलीस खातें उभें राहिलें, तेंहि अमेरिकेच्या साहाय्यानें.

पुढें १९६४ मध्यें इराणांतील अमेरिकन लष्करी सल्लागार व त्यांचे कुटुंबीय यांना इराणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा कायदा मजलिसीनें संमत केला. परक्यानें आपल्या भूमीवर अपराध करावा आणि आपल्या न्यायाधीशानें हात बांधून बसावें, हें कोणत्या स्वाभिमानी माणसास रुचेल? अयातुल्ला खोमेनी यांनीं या कायद्यावर कोरडे ओढले, आणि त्याच वर्षीं त्यांना हद्दपार करण्यांत आलें. राष्ट्राभिमानाचें निशाण धर्मोपदेशकांच्या हातीं गेलें तें असें.

दुसर्‍या पक्षाचा रोख अध्यक्ष कार्टर यांच्यावर आहे. त्यांनीं मानवी हक्कांची भाषा सुरू केली, त्यामुळें शहांचा हात आंखडला आणि विरोधकांना धीर आला, असें हा पक्ष म्हणतो. परंतु याच कार्टरांनीं १९७७ च्या ३१ डिसेंबरला तेहरानच्या राजवाड्यांतील मेजवानींत, अशांत टापूंतील स्थैर्याचें बेट म्हणून इराणची स्तुति केली होती. पुढें ब्रेझिन्स्की व व्हान्स या त्यांच्या सल्लागारांत एकवाक्यता राहिली नाहीं, हें खरें. पण वॉशिंग्टनचा गोंधळ आणि तेहरानचा प्रक्षोभ यांचा संबंध पुष्कळसा कावळा बसायला आणि फांदी मोडायला, अशा जातीचा आहे. शिवाय शहा कर्करोगानें पोखरले होते आणि ती गोष्ट त्यांनीं लपवून ठेवली होती. स्वतः राजाच डळमळत असतां मित्राच्या सल्ल्यानें सिंहासन किती सांवरलें असतें?

या दोन्ही पक्षांच्या विवेचनांत इराणी जनता कोठें आहे? बुद्धिबळाच्या पटावरील प्याद्यांप्रमाणें ती कोणीतरी हलवावी आणि तिनें हलावें, असेंच दोघेहि गृहीत धरतात. वस्तुस्थिति निराळी आहे. १९७३-७४ मध्यें तेलाचा भाव सुमारें चौपट झाला. पैशाचा पूर आला आणि मागोमाग महागाई आली. महागाईचें खापर बाजारांतील व्यापार्‍यांवर फोडून त्यांना दंड व तुरुंग दाखविण्यांत आला. १९७५ मध्यें शहांनीं देशांत एकच राजकीय पक्ष ठेवला. हे निर्णय तेहरानांत झाले होते. १९७८ च्या जानेवारींत खोमेनींची निंदा करणारा लेख एका दैनिकांत आला, कोम शहरांत निदर्शनें झालीं, गोळीबार झाला. मग मृतांच्या चाळिसाव्या दिवशीं शोक, त्या शोकयात्रेवर पुन्हां गोळीबार, आणि पुन्हां चाळिसावा दिवस, असें चक्र फिरूं लागलें. ता. ८ सप्टेंबर रोजीं तेहरानच्या जालेह चौकांत रक्त सांडलें. त्यानंतर तेलकामगारांनीं संप पुकारला आणि वर्षअखेरीस तेलाची निर्यात बंद पडली. हा संप कोणत्याहि परकीय राजधानींत ठरलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अमेरिकेच्या आश्रयाखालीं एकतंत्री राजे इतरत्रहि होते. तेथें सर्वत्र क्रांति झाली नाहीं. तसेंच १९५३ च्या कटांत इराणी सेनापति होते, आणि आधीं मोसादेकांबरोबर असलेले काशानींसारखे धर्मगुरूहि तोंवर त्यांच्यापासून फुटले होते. हें पान इराणच्या पुढील धर्मसत्तेनें कधीं आवडीनें वाचलें नाहीं.

मग अमेरिका निर्दोष ठरते काय? मुळींच नाहीं. मात्र तिचा अपराध नेमका सांगितला पाहिजे. क्रांति तिनें केली नाहीं. परंतु क्रांतीवांचून बदल होण्याचा जो मार्ग होता, तो बुजविण्यांत तिचा मोठा हात होता. मोसादेक यांचा मार्ग सनदशीर होता. तो बंद झाला, त्यांचे अनुयायी दडपले गेले, आणि शहरोशहरीं लोक जमूं शकतील अशी मशीद हीच एक जागा उरली. १९७९ च्या जानेवारींत शहांना अखेर मोसादेकांचे जुने सहकारी शापूर बख्तियार आठवले व त्यांना मुख्य प्रधान करण्यांत आलें. पंचवीस वर्षें उशीर झाला होता. ता. १६ जानेवारीस शहा देश सोडून गेले, १ फेब्रुवारीस खोमेनी परतले, आणि ११ फेब्रुवारीस सर्व संपलें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत आजारी शहांना न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत घेण्यांत आलें. रोमला पळालेला राजा एकदां परत आणला गेला होता, हें इराणी विसरले नव्हते. ता. ४ नोव्हेंबर रोजीं विद्यार्थ्यांनीं अमेरिकन वकिलातीचा कबजा घेतला, आणि तेथील ५२ अमेरिकनांना ४४४ दिवस ओलीस राहावें लागलें. एका सरकारनें १९५३ मध्यें केलेल्या कृत्याची किंमत जीं माणसें मोजीत होतीं, त्यांचा त्या कृत्याशीं कांहींएक संबंध नव्हता.

१९५३ च्या उलथापालथींत अमेरिकेचा मोठा वाटा होता, हें तिच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांनीं २००० सालीं उघडपणें मान्य केलें. ही कबुली योग्यच होती. पण तिच्यानें इराणी राज्यकर्त्यांचा हिशेब चुकता होत नाहीं. पूर्वीं दुसर्‍यानें दार लावून घेतलें, एवढ्यानें त्यानंतर घरांत जें घडलें त्याचें उत्तर देण्याची जबाबदारी घरच्या धन्यावरून उतरत नाहीं. दोघांनींहि आपापला वाटा ओळखावा, यांतच या वादाचा खरा निकाल आहे.