उन्हानें विटलेली बैठक आणि नवें व्हिनाइल



मुंबईच्या बंदरांत किंवा गोव्याच्या मांडवींत फिरणाऱ्या लहान मोटारबोटींच्या बैठकांवर जें आच्छादन असतें, त्याला बाजारांत व्हिनाइल म्हणतात. आपण घरीं सवयीनें रेक्झीन म्हणतों. कांहीं उन्हाळे सोसल्यावर त्याचा रंग विटतो, शिवण उसवते आणि एखादी बैठक कोपऱ्याशीं फाटते. समजा, आठ बैठकांपैकीं दोन फाटल्या आहेत व सहा धडधाकट आहेत. साऱ्याच बदलाव्या, तर चांगल्या सहांचें आच्छादन व्यर्थ टाकावें लागतें. दोनच बदलाव्या, तर नवें आच्छादन ठिगळासारखें उठून दिसतें. या पेंचांतून मार्ग कसा काढावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रंग विटतो म्हणजे काय होतें, तें प्रथम पाहूं. व्हिनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. हा पदार्थ मुळांत कठीण. १९२६ सालीं अमेरिकेंत वॉल्डो सेमन या रसायनज्ञानें त्यांत तेलासारखे द्रव मिसळून तो मऊ व लवचीक करण्याची युक्ति शोधून काढली. उन्हांतील अतिनील किरणांनीं त्यांतील रंगद्रव्य फिकें पडतें. खुद्द पदार्थाचें विघटन होऊन पांढऱ्यावर पिवळी झांक चढते. आणि मऊपणा देणारा द्रव हळूहळू निघून गेल्यानें आच्छादन कडक होतें. म्हणून जुन्या बैठकीला एकच एक रंग नसतो. खालीं दुमडलेल्या कडेवर मूळचा, उभ्या बाजूंवर थोडा उतरलेला, आणि वरच्या अंगावर पुरता विटलेला, असे तीन रंग एकाच गादीवर नांदतात. यांपैकीं कोणाशीं जुळवावयाचें, हें ठरविल्यावांचून दुकानाची पायरी चढूं नये.

पुष्कळ जण खालच्या टाचण्या उपटून दुमडलेली कड कापतात आणि तिच्याशीं हुबेहूब जुळणारें व्हिनाइल मिळालें, कीं काम फत्ते झालें असें समजतात. येथेंच फसगत होते. तो तुकडा मागचें अस्तर, पोत व जाडी ओळखण्यास उपयोगी आहे. रंग मात्र आज दिसणाऱ्या वरच्या अंगाशींच ताडून पाहावयाचा. तोही बैठक सौम्य साबणाच्या पाण्यानें धुऊन, वाळवून. मीठ, मळ आणि अंगाला लावलेलीं तेलें यांचा थर निघाल्यावर पुष्कळदां बैठक वाटली होती तितकी विटलेली नसते. ब्लीच अथवा तीव्र द्रावक वापरूं नयेत. त्यांनीं वरचा संरक्षक थर व शिवणीचा दोरा या दोहोंची हानि होते.

नमुना छापील पत्रकावरून किंवा फोनच्या पडद्यावरून निवडूं नये. तळहाताएवढा तुकडा मागवून तो बैठकीवर सपाट ठेवावा आणि सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं थोडें दूर उभें राहून पाहावा. दुकानांतील दिव्याखालीं जुळ्या बहिणींसारखे दिसणारे दोन रंग उन्हांत परके दिसूं शकतात. कारण निरनिराळ्या रंगद्रव्यांनीं साधलेलें साम्य प्रकाश बदलतांच मोडतें. पृष्ठावरील दाणा व चकाकीही तपासावी. रंग जुळला, पण दाणा जुळला नाहीं, तर डोळा तेथेंच अडखळतो.

डोळ्याची ही खोड जुनी आहे. १८२४ सालीं पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेंत शेव्रल हा रसायनज्ञ रंगखात्याचा प्रमुख झाला. तेथें काळा रंग निस्तेज दिसतो अशी तक्रार होती. शोधाअंतीं त्याला आढळलें, कीं काळ्यांत दोष नाहीं. शेजारच्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळें तो तसा भासतो. हा रंगविरोधाचा नियम त्यानें १८३९ सालीं ग्रंथरूपानें मांडला. बोटीवरही तोच न्याय लागतो. इतके दिवस कोणाला न खुपलेली बैठक नव्या शेजारणीमुळें एका दिवसांत मळकट दिसूं लागते.

म्हणून रंगाइतकीच जागाही विचारानें निवडावी. एका गादीचा अर्धाच तुकडा बदलूं नये. शिवणीपासून शिवणीपर्यंतचा सबंध भाग, शक्य तर सबंध गादीच बदलावी. गाद्या एका मापाच्या असतील, तर मागच्या कोपऱ्यांतील धड जुनी गादी पुढें आणावी व नवी मागें ठेवावी. जुनें व नवें लागूनच येत असेल, तर मधें गडद रंगाची मगजी शिवावी. दोन छटा कडेला कड भिडल्या कीं सूक्ष्म भेदही टिपला जातो, मधें रेघ आली कीं तो तितका जाणवत नाहीं. आणि कांहीं केल्या छटा जुळत नसेल, तर जुळविण्याचा हट्टच सोडावा व त्या दोन बैठकांस उघड निराळा रंग द्यावा. जवळजवळ सारखा रंग पाहणाऱ्याला चूक वाटतो. स्पष्ट निराळा रंग त्याला योजना वाटते.

खरेदी करतांना समुद्रावरील वापरासाठीं बनविलेलें, अतिनील किरणांस तोंड देणारें व्हिनाइलच घ्यावें. शिवणीस सुती दोरा न वापरतां उन्हांत टिकणारा पॉलिएस्टरचा दोरा वापरावा. एकाच घाण्यांतील माल थोडा अधिक घेऊन गुंडाळून अंधारांत ठेवावा, आणि त्याचा क्रमांक बैठकीच्या फळीवर खालून लिहून ठेवावा. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर हें आच्छादनही विटणारच आहे. बोट किनाऱ्याला लागतांच बैठकांवर हवा खेळती राहील असें कॅनव्हस ओढण्यास पांच मिनिटें पुरतात. तेवढी संवय ठेविली, तर उरलेल्या सहा बैठकाही पुष्कळ काळ साथ देतील.